नाण्यावरचा चेहरा कोणाचा?

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

नाण्यांवर बोलायचे आणि नाणे दाखवायचे नाही, ही नभोवाणीची अडचण. तेव्हा एक नाणे आधी मनासमोर आणू या. २०११ साली आपल्या चलनातून गेलेली स्टीलची पावली आठवत असेल. साधारण तेवढाच आकार, पण धातू चांदीचा आणि वजन चार ग्रॅमला थोडे कमी. कडा वेड्यावाकड्या, कारण ते यंत्रात नव्हे, हातोड्याखाली घडले आहे. पुढच्या बाजूला एका उतारवयातल्या माणसाचा चेहरा आहे. मान बारीक, गळ्यावर सुरकुत्या आणि डोक्यावर पानांचा मुकुट. भोवती अक्षरे आहेत : सीझर, डिक्टेटर पर्पेट्युओ. म्हणजे ‘सीझर, तहहयात हुकूमशहा’.

इ.स.पू. ४४च्या सुरुवातीला हे नाणे रोमच्या टाकसाळीतून बाहेर पडले. मुकुटाबद्दल एक गंमत सांगून पुढे जातो. सिनेटने सीझरवर सन्मानांची खैरात केली, त्यात हा पानांचा मुकुट कायम घालण्याचा अधिकारही होता आणि तोच त्याला सर्वांत प्रिय होता, असे चरित्रकार सुएटोनियस लिहितो. कारण काय, तर टक्कल झाकले जाई.

आज आपल्याला या नाण्यात काहीच विशेष वाटणार नाही. सत्ताधाऱ्याचा चेहरा नाण्यावर असायचाच, असे आपण धरून चालतो. इंग्रजांच्या काळातला राणीछाप रुपया आपल्या आजोबा-पणजोबांनी वापरला होता. पण रोमची गोष्ट वेगळी होती. परंपरेने इ.स.पू. ५०९ हे वर्ष मानतात, त्या वर्षी रोमने आपल्या शेवटच्या राजाला हाकलले आणि त्यानंतर साडेचार शतके ‘राजा’ हा शब्द रोममध्ये शिवीसारखा होता. ग्रीक राजे आपले चेहरे नाण्यांवर खुशाल छापत. रोमच्या नाण्यांवर मात्र देवदेवता असत, शिरस्त्राण घातलेली रोमा देवी असे, फार तर एखादा कधीच निवर्तलेला पूर्वज असे. जिवंत माणूस कधी नाही. रोमच्या टाकसाळीत तो मान मिळालेला सीझर हा पहिला जिवंत माणूस. नाणे बाजारात येऊन काही आठवडे झाले असतील-नसतील, तोच १५ मार्चला त्याचा खून झाला. नाण्यामुळे खून झाला असे मी म्हणत नाही. पण कट करणाऱ्यांना जी भीती वाटत होती, ती या नाण्याने प्रत्येकाच्या कमरेच्या बटव्यात नेऊन पोहोचवली होती, हे खरे.

इथे टाकसाळीविषयी थोडे सांगायला हवे. रोमची टाकसाळ कॅपिटोल टेकडीवर जूनो मोनेता या देवीच्या देवळाजवळ होती. या ‘मोनेता’वरूनच इंग्रजीतला पैशाचा शब्द ‘मनी’ आला आणि टाकसाळीचा शब्द ‘मिंट’ही. चांदीचे मुख्य नाणे दिनारियस. ते इ.स.पू. २११च्या सुमारास, हॅनिबलबरोबरच्या युद्धाच्या धामधुमीत सुरू झाले. आपल्याकडच्या संस्कृत लेखांत ‘दीनार’ हा शब्द येतो, तो याच नाण्याचा वारस. टाकसाळीची व्यवस्था दर वर्षी तीन तरुण अधिकाऱ्यांकडे असे. ही राजकारणातली पहिली पायरी. नाण्यावर काय छापायचे हे बहुधा त्यांच्या हाती असल्यामुळे या मुलांनी लवकरच ओळखले, की आपल्या घराण्याची जाहिरात करायला याहून स्वस्त साधन नाही. कोणी आजोबांची लढाई छापली, कोणी पणजोबांनी बांधलेली इमारत.

इ.स.पू. ५४च्या सुमारास या जागेवर मार्कस ब्रूटस नावाचा तरुण होता. होय, तोच. त्याने दिनारियसच्या एका बाजूला लिबेर्तास, म्हणजे स्वातंत्र्यदेवता, काढली. दुसऱ्या बाजूला चोपदारांच्या मधून चालणारा आपला पूर्वज काढला. शेवटच्या राजाला हाकलणारा ब्रूटस तो हाच. त्या वेळी रोममध्ये कुजबूज होती ती पाँपी हुकूमशहा होणार अशी, सीझरबद्दल नव्हे. म्हणजे खुनाच्या दहा वर्षे आधी या माणसाने आपली भूमिका चांदीत कोरून ठेवली होती. पुढे सीझरविरुद्धच्या कटात लोकांनी त्याला ओढले ते याच वारशाची आठवण देऊन.

सीझरच्या खुनानंतर देश सोडावा लागलेला ब्रूटस पूर्वेकडे गेला. तिथे त्याने सैन्य उभे केले. सैन्य म्हणजे पगार आणि पगार म्हणजे नाणी. त्या काळची फिरती टाकसाळ फार अवजड नसे. एक ऐरण, तिच्यात बसवलेला खालचा ठसा, हातात धरायचा वरचा ठसा, हातोडा, भट्टी आणि चार कसबी माणसे. तापवलेली चांदीची चकती दोन ठशांच्या मध्ये ठेवायची आणि घाव घालायचा, की नाणे तयार. छावणी हलली की टाकसाळही हलली. अशाच एका टाकसाळीत इ.स.पू. ४२च्या सुमारास ते नाणे पडले, जे नाणेशास्त्रात सर्वांत प्रसिद्ध म्हणायला हरकत नाही.

त्याच्या मागच्या बाजूला दोन खंजीर आहेत. मध्ये एक टोपी आहे. ही साधी टोपी नव्हे. गुलामाला मुक्त करताना त्याच्या डोक्यावर जी टोपी चढवत, ती ही. खाली अक्षरे आहेत ‘एइद मार’, म्हणजे मार्चची ती तारीख. वाचता न येणाऱ्या सैनिकालाही अर्थ कळावा असे हे चित्र आहे : या खंजिरांनी तुम्हाला गुलामीतून सोडवले. दोन्ही खंजीर सारखे नाहीत, मुठी वेगवेगळ्या आहेत. एक ब्रूटसचा आणि दुसरा कॅसियसचा, असे अभ्यासक मानतात. खून करून त्याची तारीख नाण्यावर छापणारा दुसरा माणूस मला इतिहासात आठवत नाही.

पण नाणे उलटा. पुढच्या बाजूला कोण आहे? स्वातंत्र्यदेवता नाही, पूर्वज नाही. स्वतः ब्रूटस आहे. जिवंत ब्रूटस, हलकी दाढी राखलेला, आणि भोवती ‘ब्रूटस इंपेरातोर’ अशी अक्षरे. ज्या कृत्यामुळे सीझर राजा वाटू लागला होता, तेच त्याच्या मारेकऱ्याने दोन वर्षांच्या आत केले. याला ढोंग म्हणावे का? मला तसे वाटत नाही. सैनिकाला माहीत हवे होते की आपल्याला पैसे कोण देतो आहे. समोरच्या बाजूला अँटनी होता, सीझरचा दत्तक मुलगा ऑक्टेव्हियन होता आणि त्या दोघांचेही चेहरे त्यांच्या त्यांच्या नाण्यांवर होतेच. चेहरा न छापणारा सेनापती त्या बाजारात मुका ठरला असता. प्रजासत्ताकासाठी लढणाऱ्यालाही प्रजासत्ताकाचा नियम मोडल्याशिवाय लढता येईना, इतके पाणी तोवर पुलाखालून वाहून गेले होते. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात फिलिपीच्या रणांगणावर हरल्यावर ब्रूटसने आत्महत्या केली.

हे नाणे त्या काळातही गाजले असावे. जवळजवळ अडीचशे वर्षांनंतरचा इतिहासकार कॅसियस डिओ त्याचे वर्णन करतो, आणि नाण्यावरच्या चित्राचे वर्णन प्राचीन इतिहासकारांनी क्वचितच केले आहे. आज त्याचे चांदीचे सुमारे शंभर नमुने माहीत आहेत, सोन्याचे बोटांवर मोजण्याइतके. त्यांतला सोन्याचा एक २०२० साली लंडनच्या लिलावात सुमारे ४२ लाख डॉलरला गेला. नंतर त्याच्या मालकीची कागदपत्रे खोटी असल्याचे उघड झाले आणि २०२३ साली ते नाणे ग्रीसला परत करण्यात आले. आणखी एक धागा सांगतो. इसवी सन ६८ मध्ये नीरोविरुद्ध बंड झाले, तेव्हा बंडवाल्यांच्या निनावी नाण्यांवर पुन्हा दोन खंजीर आणि मधली टोपी आली. मजकूर होता, रोमन जनतेचे स्वातंत्र्य परत मिळाले असा. एकशे दहा वर्षे ते चित्र लोकांच्या आठवणीत राहिले होते.

ब्रूटसनंतर सामना उरला अँटनी आणि ऑक्टेव्हियन यांच्यात. तलवारी भिडण्याआधी तो टाकसाळीत सुरू झाला. ऑक्टेव्हियन हा सीझरच्या भाचीचा मुलगा. मृत्युपत्राने दत्तक झाला तेव्हा अठरा वर्षांचा, तब्येतीने नाजूक आणि लढाईचा अनुभव नसलेला. त्याच्याकडे भांडवल एकच होते, ते म्हणजे नाव. सिनेटने सीझरला देव ठरवल्यावर त्याच्या नाण्यांवर दोन छोटे शब्द आले : ‘दिवी फिलियस’, देवाचा पुत्र. अँटनीकडे पराक्रम होता, अनुभव होता, पण देवबाप नव्हता.

उलट त्याच्याकडे क्लिओपात्रा होती, आणि ती त्याने नाण्यावर आणली. इ.स.पू. ३२च्या सुमाराच्या एका दिनारियसवर एका बाजूला अँटनी आहे आणि दुसऱ्या बाजूला इजिप्तची राणी. तिच्याभोवती लॅटिन अक्षरांत लिहिले आहे, ‘राजांची आणि राजे असलेल्या पुत्रांची राणी क्लिओपात्रा’. पूर्वेकडच्या प्रजेला हे भव्य वाटले असेल. पण रोमन चांदीवर परकी राणी, तीही राजांची राणी? ऑक्टेव्हियनने अँटनीची जी बदनामी चालवली होती, की हा रोमन उरला नाही, बाईच्या आहारी गेला, तिला यापेक्षा चांगला पुरावा कोणता मिळणार! अँटनीने तो स्वतःच्या खर्चाने छापून दिला. जाता जाता सांगायचे तर २००७ साली न्यूकॅसल विद्यापीठाने हे नाणे प्रदर्शनात मांडले, तेव्हा क्लिओपात्राचे बाकदार नाक आणि टोकदार हनुवटी पाहून जगभरच्या वृत्तपत्रांचा विरस झाला होता. चित्रपटातली क्लिओपात्रा ती नव्हतीच.

शेवटच्या लढाईआधी अँटनीने पगारासाठी नाण्यांचा पूर आणला. पुढे युद्धनौका, मागे लीजनचा, म्हणजे पलटणीचा, गरुडध्वज आणि प्रत्येक पलटणीचा वेगळा क्रमांक. शिपायाला पगाराच्या नाण्यावर आपल्याच पलटणीचे नाव वाचायला मिळत होते. कल्पना उत्तम. पण पैसा कमी पडत होता, म्हणून चांदी हलक्या कसाची घातली. त्याचा परिणाम मोठा विनोदी झाला. चांगली नाणी लोक साठवतात, वितळवतात. हलकी चालवत राहतात. त्यामुळे पराभूत अँटनीची ही नाणी त्याच्या मृत्यूनंतर दोनशे वर्षे बाजारात फिरत राहिली. जुन्या घबाडांत ती झिजून गुळगुळीत झालेली सापडतात.

इ.स.पू. ३१ मध्ये ॲक्टियमला ऑक्टेव्हियन जिंकला आणि इथून पुढे नाण्यांची भाषा बदलली. आता ओरडायची गरज नव्हती. इ.स.पू. २८च्या एका नाण्यावर मगर आहे आणि ‘इजिप्तो काप्ता’, इजिप्त जिंकला, असे शब्द. या नाण्यावर काय नाही, ते मला जास्त बोलके वाटते. अँटनीचे नाव नाही. रोमनांनी रोमनांची कत्तल केलेले युद्ध मगरीच्या पाठीआड नाहीसे झाले. उरला तो परदेशावरचा विजय. फ्रान्समधल्या नीम शहराच्या जुन्या नाण्यांवर अशीच मगर ताडाला बांधलेली होती आणि आजही ते त्या शहराचे बोधचिन्ह आहे.

त्याच वर्षीचे एक सोन्याचे नाणे ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. ऑक्टेव्हियन खुर्चीवर बसला आहे, हातात गुंडाळी आहे, आणि मजकूर असा : ‘रोमन जनतेचे कायदे आणि हक्क त्याने परत दिले.’ सगळी सत्ता एका माणसाच्या मुठीत आली, त्या क्षणी नाणे सांगते की त्याने सत्ता परत दिली. सीझरने ‘तहहयात हुकूमशहा’ असे खरे ते छापले आणि तो महिन्याभरात मेला. त्याचा दत्तक मुलगा छापताना नेमके उलटे बोलला आणि पुढे चाळीस वर्षे सुखाने राज्य केले. पुढच्याच वर्षी त्याला ‘ऑगस्टस’ ही पदवी मिळाली.

या कलेत त्याचा हात धरणारा कोणी झाला नाही. इ.स.पू. ५३ मध्ये पार्थियनांनी रोमचा दारुण पराभव करून सैन्याची निशाणे पळवली होती. ऑगस्टसने ती इ.स.पू. २० मध्ये वाटाघाटींनी परत मिळवली. लढाई झालीच नाही. पण नाण्यावर एक पार्थियन गुडघे टेकून निशाण परत करतो आहे. दुसरा प्रकार वयाचा. ऑगस्टस शहात्तराव्या वर्षाच्या उंबरठ्यावर वारला, पण नाण्यांवर तो तरणाबांडच राहिला. सीझरच्या गळ्यावर सुरकुत्या होत्या. ऑगस्टसला म्हातारपण आलेच नाही. तिसरा प्रकार आपल्या वाचकांना आवडेल. त्याने आपली पत्रिका जाहीर केली आणि मकर राशीचे चिन्ह नाण्यांवर छापले. सुएटोनियसनेच हे नोंदवले आहे. आता त्याचा जन्म २३ सप्टेंबरचा, म्हणजे पाश्चात्त्य हिशेबाने सूर्य तुळेच्या आसपास. मग मकर कशी? कोणी म्हणतात त्याचा चंद्र मकरेत होता, कोणी गर्भधारणेच्या वेळेचा हिशेब सांगतात. चंद्राची रास मानणाऱ्या आपल्या लोकांना पहिले उत्तर लगेच पटावे.

त्याच्यानंतर टायबेरिअसच्या काळात प्रकरण पुढच्या थराला गेले. ऑगस्टसची प्रतिमा असलेले नाणे किंवा अंगठी घेऊन कोणी शौचकूपात अथवा वेश्यागृहात गेला, तर तो देहान्ताचा गुन्हा ठरू शकत असे, असे सुएटोनियस सांगतो. त्यात अतिशयोक्ती असेल. पण असे काही लिहिले जाते आणि वाचणाऱ्याला खरे वाटते, यावरूनच काळ समजतो. येशूची कथा बहुतेकांना ठाऊक असते. कर द्यावा की नाही, असा पेच टाकणाऱ्यांना तो नाणे दाखवायला सांगतो आणि विचारतो, यावर मूर्ती कोणाची, नाव कोणाचे? ते नाणे टायबेरिअसचा दिनारियस होते असे परंपरेने मानतात. त्यावर शब्द आहेत, ‘दैवी ऑगस्टसचा पुत्र’. एकच देव मानणाऱ्या माणसाच्या हातात ते कसे टोचत असेल, याची कल्पना करावी.

आता एक शंका घेतलीच पाहिजे. लोक हे सगळे बघत तरी होते का? आपण रोज हातात नोटा घेतो, त्यांच्या मागच्या बाजूला काय चित्र आहे ते न बघता सांगा पाहू. १९५६ साली ए. एच. एम. जोन्स या इंग्रज इतिहासकाराने हाच मुद्दा काढला. रोमन नाण्यांवरच्या चित्रांना टपालाच्या तिकिटांवरच्या चित्रांइतकेच महत्त्व द्यावे, असा त्याचा एकूण सूर होता. अभ्यासकांमधला हा वाद अजून पुरता मिटलेला नाही. जोन्सचे म्हणणे मला निम्मे पटते. प्रत्येक भाजीवाली मागच्या बाजूची लॅटिन अक्षरे वाचत बसली नसणार. पण टपालाच्या तिकिटाची उपमा चुकते असे वाटते. त्या काळी वृत्तपत्र नाही, छापील चित्र नाही. सम्राटाचा चेहरा हजार मैलांवरच्या माणसाला कळायचा तर पुतळ्यातून किंवा नाण्यातून. आणि शिपायाला ऑगस्टसच्या काळी वर्षाला २२५ दिनारियस मिळत. ज्यासाठी जीव धोक्यात घालायचा, त्या चांदीकडे माणूस निरखून बघतोच.

शिवाय टाकसाळीलाही गिऱ्हाईक कळत होते. रोम शहरात रोजच्या व्यवहारात चालणाऱ्या पितळेच्या मोठ्या सेस्टर्शियसवर धान्यपुरवठ्याची देवता, नीरोच्या काळातले ऑस्टियाचे बंदर, टायटसच्या काळातले नवेकोरे कलोसियम अशी चित्रे येतात. भाकरी आणि खेळ! तर सैनिकांबद्दलची गोड भाषा येते ती विशेषकरून संकटाच्या वेळी. नर्व्हा हा म्हातारा सम्राट इसवी सन ९६ मध्ये गादीवर बसला. त्याच्या नाण्यांवर दोन हात एकमेकांत गुंफलेले आहेत आणि शब्द आहेत, ‘सैन्यांची एकजूट’. पुढच्याच वर्षी राजधानीतल्या अंगरक्षक सैन्याने त्याला कोंडून मागण्या मान्य करायला लावल्या. रोमन नाणी वाचण्याची एक युक्ती मी यातून काढली आहे : नाणे ज्या गोष्टीची फार ग्वाही देते, तिचीच टंचाई होती असे समजावे. तिसऱ्या शतकात गॅलिएनसच्या सोन्याच्या नाण्यावर ‘सर्वत्र शांतता’ असे शब्द आहेत. त्याचा बाप व्हॅलेरियन इसवी सन २६० मध्ये इराणी राजाच्या कैदेत गेला होता, साम्राज्याचे तुकडे पडत होते आणि २६८ मध्ये त्याच्याच अधिकाऱ्यांनी त्याला ठार केले.

चित्र आणि अक्षरे सम्राटाच्या ताब्यात होती. पण नाण्याला आणखी एक भाषा असते, कसाची. ती सराफाला कळते आणि सराफाकडून सगळ्या गावाला. नीरोने इसवी सन ६४ च्या सुमारास एका रोमन पौंडात ८४ ऐवजी ९६ दिनारियस पाडायला सुरुवात केली आणि जवळजवळ शुद्ध असलेली चांदी सुमारे ८० टक्क्यांवर आणली. नाण्यावरचा नीरो मात्र वर्षागणिक अधिकच गुबगुबीत होत गेला. पुढे सेप्टिमियस सेव्हेरसच्या काळी कस निम्म्यावर आला. इसवी सन २१५ मध्ये कॅराकॅलाने नवे नाणे काढले, किंमत बहुधा दोन दिनारियसची आणि चांदी सुमारे दीड नाण्याचीच. गॅलिएनसच्या अखेरीस चांदी दोन-तीन टक्क्यांवर आली होती. तांब्याच्या चकतीवर चांदीचा मुलामा. दोन महिने हातात फिरले की सम्राटाच्या नाकावरून तांबे डोकावू लागे!

लोक दोन्ही भाषा वाचत, याची साक्ष एपिक्टेटसने दिली आहे. हा तत्त्वज्ञ मूळचा गुलाम, तोही नीरोच्या दरबारातल्या एका बड्या अधिकाऱ्याच्या घरचा. माणसाची पारख कशी करावी हे शिष्यांना सांगताना तो नाण्याचा दाखला देतो. छाप कोणाची, ट्रेजनची? घ्या. नीरोची? फेकून द्या, खोटे आहे ते. दाखला नीतीचा आहे, पण ऐकणाऱ्यांना तो समजत होता, म्हणजे नाणे घेताना छाप पाहायची सवय त्यांना होती.

आणि ज्यांना सत्ताच मान्य नव्हती, त्यांनीही हत्यार म्हणून नाणेच उचलले. इसवी सन ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेम उद्ध्वस्त केल्यावर व्हेस्पेझियनने ‘युदेआ काप्ता’ ही नाणी काढली. ताडाखाली बसून रडणारी स्त्री आणि शेजारी कैदी किंवा उभा रोमन सैनिक. ही नाणी बरीच वर्षे निघत राहिली. साठ वर्षांनी, १३२ मध्ये, बार कोखबाच्या नेतृत्वाखाली ज्यूंनी बंड केले. त्यांच्याकडे चांदीच्या खाणी नव्हत्या. त्यांनी बाजारातली रोमन नाणीच गोळा केली आणि त्यांवर आपले ठसे मारले. सम्राटाच्या जागी पडलेल्या मंदिराचे दर्शन, लॅटिन-ग्रीकच्या जागी प्राचीन हिब्रू लिपी, ‘जेरुसलेमच्या स्वातंत्र्यासाठी’. काही नाण्यांवर ठसा नीट बसलेला नाही. तिथे हिब्रू अक्षरांखालून सम्राटाच्या चेहऱ्याची रेघ अजून दिसते. बंड १३५ मध्ये चिरडले गेले.

याच्या थोडे आधी, साधारण त्याच युगात, आपल्या नाशिकच्या परिसरात हेच घडले होते. क्षत्रप नहपानाने चांदीच्या नाण्यांवर स्वतःचा चेहरा छापला होता. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याचा पराभव केल्यावर ती नाणी वितळवली नाहीत. नहपानाच्या चेहऱ्यावरच आपली चिन्हे उमटवून चालू ठेवली. १९०६ साली जोगळटेंभीला तेरा हजारांहून अधिक नाण्यांचे घबाड सापडले, त्यातली जवळजवळ दोनतृतीयांश नाणी अशी आहेत. गेटाच्या वाट्याला तर एवढेही आले नाही. कॅराकॅलाने २११ मध्ये या सख्ख्या भावाला आईच्या कुशीत मारले आणि त्याचा चेहरा असलेली नाणीही वितळवली, असे डिओ लिहितो. आशिया मायनरमधल्या काही शहरांच्या नाण्यांवर दोन भाऊ समोरासमोर होते. तिथे गेटाचा तेवढा चेहरा छिन्नीने खरवडलेला आढळतो. उरलेला भाऊ रिकाम्या जागेकडे बघत उभा आहे.

रोमची ही नाणी समुद्र ओलांडून आपल्याकडेही ढिगांनी आली. मिरी, मलमल, मोती, रत्ने यांपायी भारत दर वर्षी पाच कोटी सेस्टर्शियस, म्हणजे सव्वा कोटी दिनारियस, गिळतो अशी प्लिनीची तक्रार होती. तमिळनाडूत, विशेषतः कोइम्बतूरच्या बाजूला, जी घबाडे सापडली त्यांत चांदीची दोनच प्रकारची नाणी पुन्हा पुन्हा दिसतात. एक टायबेरिअसचे, म्हणजे येशूच्या कथेतले मानले जाते तेच. दुसरे ऑगस्टसचे. त्याच्या मागे ढाली-भाले घेतलेले दोन तरुण आहेत, गायस आणि ल्युसियस, ऑगस्टसचे नातू आणि ठरवलेले वारस. पुढचे राजे हेच, असे जगाला सांगण्यासाठी ते नाणे अफाट संख्येने पाडले होते. दोघेही तरुणपणीच, इसवी सन २ आणि ४ मध्ये, वारले. नीरोनंतरची हलकी चांदी मात्र आपल्याकडे फारशी आढळत नाही. इथल्या व्यापाऱ्याला सम्राटाशी देणेघेणे नव्हते, कसाशी होते.

१८९८ साली पुदुक्कोट्टईला ५०१ सोन्याची रोमन नाणी एकत्र सापडली. त्यांतल्या बहुतेकांवर सम्राटाच्या चेहऱ्यावरून पात्याचा आडवा घाव आहे. सोन्याची पारख करायची तर कडेला ओरखडा पुरला असता. हा घाव नेमका चेहऱ्यावर आहे. परकी छाप इथे चालणार नाही, फक्त धातू म्हणून घ्या, अशी ती खूण असावी, हे मत मला सर्वांत पटते. आणि धाराशिव जिल्ह्यातल्या तेरला, म्हणजे सातवाहनांच्या काळातल्या तगर या बाजारपेठेत, तऱ्हा आणखी वेगळी. तिथे भाजक्या मातीच्या लहान चकत्या मिळाल्या आहेत, रोमन नाण्यांची नक्कल केलेल्या. चेहरा आहे, भोवती अक्षरांसारखे काहीतरी आहे, पण ते वाचता येत नाही, कारण करणाऱ्यालाही ते वाचता येत नव्हते. वरच्या बाजूला दोरा ओवायला भोक आहे. गळ्यात घालायला.